नावं ३८, खुर्च्या ४९

हिंगोलीतल्या त्या कार्यालयात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पासवर्ड भिंतीवर होता. कालनिर्णयच्या कोपऱ्यात, निळ्या पेनानं लिहिलेला: ॲडमिन@१२३. मी विचारलं, हा कोणत्या कॉम्प्युटरचा? चहाचे कप गोळा करणारे शिपाईमामा वळूनही न बघता म्हणाले, "सगळ्याईचा."

कार्यालय कोणतं ते सांगत नाही. सांगून कुणाचं भलं होणार नाही. एवढंच सांगतो की तिथं पन्नासेक कॉम्प्युटर होते, योजनांच्या याद्या, बिलं, पत्रव्यवहार असं रोजचं काम होतं, आणि २०२१ च्या दिवाळीनंतर तिथलं नेटवर्क नीट करायचं काम आमच्या नांदेडच्या छोट्या फर्मला मिळालं होतं. मी आठवड्यातून तीनदा वारंगा फाटा, आखाडा बाळापूर, कळमनुरी असं करत यायचो. वय सत्तावीस, गळ्यात लॅपटॉपची बॅग, आणि डोक्यात ठाम समज की हा सगळा गोंधळ फक्त तांत्रिक आहे.

गोंधळ असा होता. प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःपुरता जगत होता. त्याचे युजर त्याच्यातच, फायली त्याच्यातच. एखाद्या लिपिकाचं टेबल बदललं की तो पेन ड्राइव्ह घेऊन जुन्या टेबलावर फेऱ्या मारायचा. कुणाची बदली झाली की नवा माणूस जुन्याच्याच नावानं बसायचा. एका कॉम्प्युटरवर लॉगिन करताना ज्यांचं नाव यायचं, ते साहेब चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. त्यांच्या नावानं रोज सकाळी दहाला कुणीतरी कामाला लागायचं आणि त्यात कुणालाच काही विशेष वाटत नव्हतं.

यावरचा इलाज म्हणजे डिरेक्टरी. तुमच्यापैकी अनेकांनी टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी पाहिलीही नसेल, पण या तंत्राचं मूळ तिथंच आहे. १९८८ साली टेलिफोन क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं एक्स-५०० नावाचं मानक आणलं. जगातली माणसं, कार्यालयं, यंत्रं एका झाडासारख्या यादीत कशी मांडायची, याचे ते नियम होते. ते फार अवजड होतं. मग १९९३ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी त्याची हलकी आवृत्ती काढली, तिचं नाव एलडॅप. मायक्रोसॉफ्टनं २००० साली विंडोज सर्व्हरबरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणली, ती याच घराण्यातली. आज बँकेत, दवाखान्यात, कंपनीत तुम्ही सकाळी स्वतःचं नाव टाकून कुठल्याही कॉम्प्युटरवर बसू शकता ते बहुतेक वेळा तिच्यामुळे.

काम साधं आहे. एका खोलीत एक सर्व्हर. त्यात सगळ्यांची यादी: कोण आहे, कोणत्या शाखेत आहे, कोणत्या गटात आहे. बाकीचे सगळे कॉम्प्युटर त्या यादीला विचारतात. तुम्ही पासवर्ड टाकला की सर्व्हर तुम्हाला एक तिकीट देतो. ते साधारण दहा तास चालतं. तेवढ्या वेळात कोणता फोल्डर उघडायचा, कोणत्या प्रिंटरवर कागद काढायचा, ते सगळं त्या तिकिटावर. एसटीच्या पाससारखं. मात्र घड्याळ बरोबर लागतं. तुमच्या कॉम्प्युटरची वेळ सर्व्हरपेक्षा पाच मिनिटांहून जास्त मागं-पुढं असली तर तिकीट बाद धरायचं, असा मूळ नियम आहे. तिथल्या जुन्या मशिनींमधले गोल सेल संपलेले होते. लाइट गेली की कॉम्प्युटर थेट २००९ मध्ये जायचा आणि मग यादी त्याच्यावर विश्वास ठेवायची नाही. पहिल्या महिन्यात मी नेटवर्कपेक्षा जास्त वेळ ते सेल बदलण्यात घालवला.

सर्व्हर तयार झाल्यावर मी आस्थापना शाखेकडं कर्मचाऱ्यांची यादी मागितली. दोन पानांची आली, ज्येष्ठतेनुसार. साहेबांपासून मामांपर्यंत ३८ नावं. मी एका दुपारी सगळी चढवली. मग प्रत्येकाला नवा पासवर्ड द्यायला टेबलोटेबली फिरलो, आणि फिरता फिरता खुर्च्या मोजल्या. ४९.

उरलेले अकरा जण कंत्राटी होते. बहुतेक डेटा एन्ट्री ऑपरेटर, एका एजन्सीमार्फत आलेले. खरं सांगायचं तर कार्यालयातलं टायपिंग, याद्या, ऑनलाइन भरणं, यातला मोठा हिस्सा तेच करायचे. पण ते यादीत नव्हते. आजवर ते कसे लॉगिन करायचे? ॲडमिन@१२३.

मी साहेबांकडं गेलो. म्हटलं, या अकरा जणांचीही खाती लागतील. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि समजावलं. कंत्राटी माणसाचं नाव आपल्या रेकॉर्डला लावायचं नाही. उद्या तोच कागद घेऊन तो कोर्टात जाईल, बघा मी इथं इतकी वर्षं होतो. ही भीती त्यांच्या एकट्याची नव्हती. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं उमादेवी खटल्यात निकाल दिला होता की, रीतसर भरतीशिवाय लागलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही. पण मंजूर पदांवर दहा वर्षं काम केलेल्यांचा एकदाच विचार करावा, असंही त्यात म्हटलं होतं. तेव्हापासून अनेक कार्यालयांत हजेरीपत्रक, ओळखपत्र, नाव असलेला कुठलाही कागद, याकडं लोक जपून बघायला लागले. माझी डिरेक्टरी म्हणजे त्यांच्या दृष्टीनं आणखी एक हजेरीपत्रक होतं. आणि हे असं हजेरीपत्रक, जे मिनिटामिनिटाला स्वतःच सही घेतं.

"मग ते काम कसं करतील?" मी विचारलं.

"आजवर करत होते तसं," साहेब म्हणाले.

मी ऐकलं. इथंच माझी चूक आहे आणि ती मी कुणावर ढकलत नाही. लॅपटॉपमधल्या एक्सेलमध्ये मी ४९ नावं लिहिली होती. सर्व्हरवर ३८ ठेवली आणि काम पूर्ण झाल्याचा रिपोर्ट दिला.

त्या अकरांमध्ये एक दादा होते. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, कळमनुरी तालुक्यातले, रोज मोटारसायकलनं यायचे. नऊ वर्षं तिथंच. एमएस-सीआयटी, टायपिंगच्या परीक्षा, सगळं झालेलं. मराठी टाइप करताना ते स्क्रीनकडं बघायचे नाहीत, कागदाकडं बघायचे. ते ज्या मॅडमच्या टेबलाशेजारी बसायचे, त्या मॅडमनी नवा पासवर्ड मिळाल्याच्या दिवशीच तो त्यांना सांगितला. चोरून नाही, सगळ्यांसमोर. नाहीतर काम अडलं असतं.

पासवर्ड बदलायची मूळ मुदत ४२ दिवसांची असते. मी ती तशीच ठेवली होती, सुरक्षा म्हणून. तिचा परिणाम असा झाला की दर दीड महिन्याला मॅडमचा पासवर्ड दादाच बदलायचे आणि मॅडमना सांगायचे. एकदा टपरीवर चहा पिताना ते हसत म्हणाले, "सर, मॅडमच्या खात्याला माझ्या पोरीच्या नावाचा पासवर्ड हाय. मागं आकडे तेवढे बदलत जातो."

मी म्हटलं, दादा, तुमचं स्वतःचं खातं व्हावं म्हणून मी परत विचारतो. ते लगेच गंभीर झाले. "नका विचारू सर. नावावर आलं की अंगावर येतंय."

मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "नामदेवाला मागं जा म्हणले तर देऊळ फिरलं. आपण काय नामदेव नाहीत. आपण मागंच बसून टाइप करायचं."

ही गोष्ट आमच्या भागात लहान पोरांनाही माहीत असते. संत नामदेव इथल्याच नर्सीचे. औंढा नागनाथाच्या दारात कीर्तन करत होते, तेव्हा त्यांना तिथून उठवून देवळामागं पाठवलं. ते मागं जाऊन गाऊ लागले आणि देवळानंच तोंड फिरवलं, अशी आख्यायिका आहे.

आता तंत्राच्या बाजूनं बघा. आधी जेव्हा सगळे 'ॲडमिन' होते, तेव्हा कुणी काय केलं हे कळत नव्हतं. ते वाईट होतं, पण त्यात कुणावर खोटा आरोपही येत नव्हता. मी डिरेक्टरी बसवल्यावर प्रत्येक फाइलीमागं एक नाव यायला लागलं. सर्व्हर नोंद ठेवतो: हे नाव, हा कॉम्प्युटर, ही वेळ, ही फाइल. नोंद अगदी चोख असते. पण नोंद खात्याची असते, बोटांची नसते. अकरा जणांचं काम आता दुसऱ्या अकरा जणांच्या नावावर, मिनिटांसकट, पक्कं लिहिलं जात होतं. म्हणजे मी गोंधळ काढून त्या जागी नीटनेटकं खोटं बसवलं होतं.

ते मार्च २०२३ मध्ये बाहेर आलं.

मार्च म्हणजे निधी संपवायचा महिना, आणि आमच्याकडं हळद शिजवायचाही महिना. दादा रात्री शेतात कुकरवर हळद शिजवायचे आणि दिवसा कार्यालयात यायचे. हात पिवळे. ते बसायचे तो कीबोर्डही पिवळा झालेला असायचा. मामा रोज ओल्या फडक्यानं पुसायचे, तरी कडा तशाच राहायच्या. मॅडम १ तारखेपासून रजेवर होत्या, मुलीच्या बाळंतपणासाठी. लाभार्थ्यांची एक यादी घाईत बँकेला जायची होती. संध्याकाळी उशिरा, कॉपी-पेस्ट करताना खाते क्रमांकांचा रकाना एका जागी एक ओळ खाली सरकला. सात जणांचे पैसे भलत्याच सात जणांच्या खात्यात गेले.

मॅडमना कारणे दाखवा नोटीस निघाली. यादीची फाइल शेवटची त्यांच्या नावानं जतन झाली होती. मला फोन आला: लॉग काढून द्या.

मी काढून दिला. त्यात मॅडमचं नाव होतं, त्यांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर होता, वेळ होती ७ वाजून ४० मिनिटं. सोबत मी एक वाक्य लिहिलं: 'या दिवशी संबंधित कर्मचारी रजेवर असल्याचे दिसते, त्यामुळे सदर खाते अन्य व्यक्तीने वापरले असण्याची शक्यता आहे.' ते वाक्य खरं होतं. मॅडमना त्यानं वाचवलं, ते बरंच झालं. पण ते लिहिताना 'अन्य व्यक्ती' कोण हे मला माहीत होतं, सगळ्या कार्यालयाला माहीत होतं, आणि ही व्यवस्था कुणाच्या सांगण्यावरून चालत होती हेही माहीत होतं. ते मी लिहिलं नाही. माझ्या एक्सेलमधली ४९ नावांची यादी जोडली असती, तर निदान प्रश्न नीट विचारला गेला असता. जोडली नाही. आमच्या फर्मचं बिल तेव्हा निघायचं होतं.

चौकशीत कुणीतरी दादांना माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-क वाचून दाखवलं. दुसऱ्याचा पासवर्ड वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. त्या कलमात 'कपटाने किंवा अप्रामाणिकपणे' असा शब्द आहे, पण तेवढं थांबून वाचतंय कोण? गुन्हा वगैरे काही दाखल झाला नाही. पैसे बहुतेक परत आले. फक्त एजन्सीला एक फोन गेला, आणि सोमवारपासून दादा आले नाहीत.

आमच्या कामात माणूस जातो तेव्हा एक रीत असते. खातं लगेच पुसायचं नाही, आधी बंद करायचं. कारण डिरेक्टरीच्या लेखी माणूस म्हणजे त्याचं नाव नव्हे. प्रत्येक खात्याला जन्मतःच एक लांबलचक क्रमांक मिळतो, एसआयडी. फोल्डरच्या परवानग्या त्या क्रमांकाला दिलेल्या असतात. खातं पुसून उद्या त्याच नावाचं नवं केलं, तरी क्रमांक नवा येतो आणि जुनी दारं उघडत नाहीत. तो जुना क्रमांक पुन्हा कुणालाही मिळत नाही. आणि पुसलं तरी नोंद लगेच जात नाही. सर्व्हर तिच्या जागी एक खूण ठेवतो, तिला म्हणतात टोम्बस्टोन, म्हणजे थडग्यावरचा दगड. आताच्या सर्व्हरमध्ये ती साधारण १८० दिवस राहते. एखादे भाऊसाहेब निवृत्त होतात, शाल-श्रीफळ होतं, भाषणं होतात, आणि संध्याकाळी मी त्यांच्या नावावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करतो. चित्रावर एक छोटा खाली जाणारा बाण येतो. एवढ्या वर्षांत त्या बाणाचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

दादा गेले त्या सोमवारी मी सर्व्हरसमोर बसलो आणि लक्षात आलं की मला काहीच करायचं नाही. बंद करायला खातं नव्हतं. बाण नाही, क्रमांक नाही, १८० दिवसांची खूण नाही. नऊ वर्षं काम केलेल्या माणसाला काढायला एक क्लिकही लागली नाही. मी फक्त मॅडमचा पासवर्ड बदलला. त्यांच्या पोरीचं नाव त्या दिवशी यादीतून गेलं.

पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०२३ मध्ये, केंद्रीय मंत्रिमंडळानं लायगो-इंडियाच्या उभारणीसाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. आमच्याच जिल्ह्यात, औंढा तालुक्यातल्या दुधाळ्याला, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची वेधशाळा होणार आहे. दूर अवकाशात कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की येणारी थरथर टिपणारी. त्या दिवशी प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर तीच बातमी. दादांचाही मेसेज आला: 'सर तिथे ऑपरेटर लागतील का.' मी काय उत्तर देणार?

पण माझा धंदा हा, म्हणून मी वेगळंच वाचत बसलो: हे लोक लॉगिन कसं करतात. अमेरिकेतल्या लायगोभोवती जगभरातल्या संस्थांचे शेकडो लोक काम करतात, पुण्याच्या आयुकातलेही. प्रत्येकाची एक मध्यवर्ती ओळख असते, नाव आणि आडनाव मध्ये टिंब देऊन. त्यांच्या सूचनांमध्ये नमुन्याला जे नाव वापरतात ते आहे 'अल्बर्ट.आइन्स्टाइन'. मला हसू आलं. तिथं प्राध्यापक असो की विद्यार्थी, सदस्य असला की ओळख स्वतःची.

मग मी त्यांचा २०१६ चा तो प्रसिद्ध निबंध उघडला, गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा सापडल्याचा. भौतिकशास्त्र मला कळलं नाही. मी फक्त लेखकांची यादी वाचली. हजाराहून जास्त नावं, आडनावाच्या अक्षरक्रमानं. कोण मोठा, कोण लहान, काही कळत नाही. काही नावांना एक छोटी खूण आहे आणि खाली लिहिलंय: मृत. शोध जाहीर होण्याआधीच ते गेले होते. तरी नाव काढलेलं नाही, कारण काम त्यांचं होतं. वाचताना दादांची आठवण आली. तिथं मेलेल्या माणसाचं नाव यादीत होतं, आणि आमच्याकडं रोज सकाळी दहाला मोटारसायकल लावणाऱ्या माणसाचं नव्हतं. मला हेही कळतं की दुधाळ्याचा रस्ता करणारा मजूर त्या निबंधाच्या यादीत कधी येणार नाही. प्रत्येक यादीला कुठंतरी कुंपण असतंच. पण ते कुंपण कुठं घातलंय हे यादी करणाऱ्याला माहीत असतं, आणि आमच्या कार्यालयात यादी करणारा मी होतो.

त्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारनं बाह्ययंत्रणेमार्फत माणसं घेण्यासाठी नऊ संस्था नेमणारा शासन निर्णय काढला. पोरं रस्त्यावर उतरली, आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. त्या गडबडीत कार्यालयात नवे साहेब आले होते. मी एक पानाची टिपणी दिली. तिच्यात कंत्राटी शब्दावर भर दिला नाही, जबाबदारीवर दिला: जो बसेल त्याच्या नावानं लॉगिन, नाहीतर पुढच्या वेळी तुमचंच नाव लॉगमध्ये येईल. खात्याला मुदतीची तारीख घालता येते, ३१ मार्च टाकली की त्या रात्री ते आपोआप थांबतं, म्हणजे कायमपणाचा पुरावा होण्याची भीती कमी, असंही लिहिलं. हे शेवटचं लिहिताना मला फार बरं वाटलं नाही. पण टिपणी मंजूर झाली. सर्व्हरवर नावं ४९ झाली.

दादांच्या जागी आलेल्या पोरानं पहिल्या दिवशी लॉगिन केलं. स्क्रीनवर त्याचं नाव आलं, त्याच्या आडनावासकट, मराठीत. त्यानं फोटो काढून स्टेटसला ठेवला. मी त्याला सांगितलं नाही की त्या नावाला एक तारीख लावलेली आहे. दुसऱ्या दिवशी सांगितलं.

आता मी दुसऱ्या गावांतली कामंही करतो. कुठंही गेलो की यादी मागायच्या आधी खुर्च्या मोजतो. आकडा जुळला नाही तर काम सुरू करण्याआधी तो फरक कागदावर लिहून सही घेतो. सगळे देत नाहीत. एकदा काम हातचं गेलंही.

दादा आता तालुक्याच्या गावी ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवतात. ४९ नावांचं सांगायला मी त्यांना फोन केला होता. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो लॉग तुम्हीच दिला होता ना सर?"

"हो."

"द्यायलाच लागतो. पण मला एक फोन करायचा होता." थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मागं प्रिंटरचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "माझ्या जागेवर कोण हाय आता?"

मी सांगितलं.

"त्याला म्हणाव, पेस्ट करायच्या आधी पहिली ओळ आन् शेवटची ओळ जुळवून बघ. दोन्ही. मी त्या दिवशी पहिलीच बघितली होती."